सही आणि साक्ष

‘सही’ हा शब्द आपल्या मराठीत फारसीच्या वाटेने अरबीतून आला, आणि त्याचा मूळ अर्थ ‘खरे’, ‘बरोबर’ असा आहे. कागदाच्या तळाशी आपण नाव लिहितो, तेव्हा वर जे लिहिले आहे ते खरे आहे असे आपण म्हणत असतो. संस्कृतातला ‘साक्षी’ हा शब्द याहूनही कडक आहे. ज्याने साक्षात्, म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी, पाहिले तोच साक्षी, अशी त्याची व्युत्पत्ती पाणिनीने सांगितली आहे. ऐकीव गोष्टीवर बोलणारा, किंवा काल होते म्हणून आजही असेलच असे मानणारा, तो साक्षी नव्हे. आयुष्यभर आम्ही मुलांना हे शब्द शिकविले. परंतु सही आणि साक्ष यांत अंतर पडले म्हणजे काय अनर्थ होतो, हे आम्हांस निवृत्त झाल्यावर एका कारखान्यातील प्रसंगाने कळले. तो प्रसंग आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण त्याचा संबंध कारखान्याइतकाच तुमच्या-आमच्या घरांशीही आहे.

नाशिकचे नाव निघाले की परगावच्या माणसास रामकुंड आठवते, काळाराम आठवतो, फार तर द्राक्षे आठवतात. परंतु गेल्या शंभर वर्षांत आमचे गाव यंत्रांचेही गाव झाले आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात नाशिकरोडला सरकारी मुद्रणालय आले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर सातपूर आणि पुढे अंबड या वसाहती उभ्या राहिल्या. ओझरला विमानांचा कारखाना झाला. सिन्नर आणि इगतपुरी यांच्या माळांवरही धुराडी दिसू लागली. आमच्या वर्गातून बाहेर पडलेल्या मुलांपैकी वेदपाठशाळेकडे अथवा शिक्षकी पेशाकडे वळले ते थोडे; बाकीचे बहुतेक सातपूर-अंबडच्या बसमध्ये चढले. कोणी यंत्रावर उभा राहिला, कोणी सुपरवायझर झाला, कोणी अभियंता, आणि एखाद्याने कर्ज काढून स्वतःचे लहानसे वर्कशॉप घातले.

आठ-नऊ वर्षांमागची गोष्ट. शाळेत एकाच बाकावर बसणारे आमचे दोन विद्यार्थी अशाच एका कारखान्यात होते. कारखान्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. एक पॉवर प्रेसवर कामास होता. दुसरा पदविका घेऊन त्याच खात्यात सुपरवायझर झाला होता. पॉवर प्रेस म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. खाली पोलादी डाय असते, वर कित्येक टनांच्या जोराने उतरणारा दट्ट्या असतो. मध्ये पत्र्याचा तुकडा ठेवावयाचा, दट्ट्या खाली येतो आणि पत्र्याला हवा तो आकार मिळतो. मध्ये पत्र्याऐवजी हात असला तरी दट्ट्या तितक्याच जोराने उतरतो. म्हणून अशा यंत्रास हातभर अंतरावर दोन बटणे बसवितात. दोन्ही बटणे एकाच वेळी दाबली तरच दट्ट्या सुटावा, म्हणजे त्या क्षणी दोन्ही हात बटणांवर, अर्थात बाहेर असतील, ही त्यातली योजना. किती साधी आणि किती शहाणपणाची!

या शहाणपणावर मात करण्यास एक लाकडी पाचर पुरेशी झाली. कोणीतरी ती एका बटणात ठोकून ठेवली होती, म्हणजे ते बटण सदा दाबलेलेच राही. मग एका हाताने पत्रा सरकवावा, दुसऱ्याने उरलेले बटण दाबावे. तासाला कितीतरी नग अधिक निघत. नवीन यंत्रांत प्रत्येक फेरीनंतर दोन्ही बटणे सुटली आहेत की नाहीत हे यंत्रच तपासते; त्या जुन्या यंत्रास ही लबाडी ओळखता येत नव्हती. पाचर कोणी ठोकली हे पुढे कोणीच सांगितले नाही. ती आहे हे मात्र सर्वांस ठाऊक होते.

यंत्राशेजारी एक तक्ता टांगलेला असे. प्रत्येक पाळीच्या आरंभी सुपरवायझरने पाच गोष्टी पाहाव्या, त्यांच्यापुढे खूण करावी आणि खाली सही करावी, असा नियम होता. आमचा विद्यार्थी कामाच्या गर्दीत सोमवारी सकाळीच आठवड्याच्या सह्या उरकून टाकीत असे. अपघात झाला तो बुधवारी दुपारी. उजव्या हाताची तर्जनी आणि मध्यमा ही दोन बोटे गेली. चौकशीस आलेल्यांनी तक्ता काढून पाहिला, तेव्हा ‘दोन्ही बटणे ठीक’ या ओळीवर बुधवारची खूण होतीच. पण अजून न उजाडलेल्या गुरुवार, शुक्रवार आणि शनिवारच्या रकान्यांतही तीच खूण होती.

आम्ही रुग्णालयात गेलो. बोटे गमावलेल्या या मुलाचे अक्षर आमच्या सबंध कारकिर्दीत पाहिलेल्या उत्तम अक्षरांपैकी एक होते. वार्षिक संमेलनाचे फलक आम्ही त्याच्याकडूनच लिहून घेत असू. भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचा हिशेब दिलेला असतो. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईच्या शक्तीत २० टक्के घट, अंगठा गेला तर ३० टक्के. हिशेब असल्याशिवाय कोणालाच काही मिळणार नाही, म्हणून तो असणे योग्यच आहे. परंतु पुढे पैसे काढण्यास तो बँकेत गेला, तेव्हा डाव्या हाताने केलेली त्याची सही जुन्या नमुन्याशी जुळेना, आणि खिडकीपाशी उभे राहून स्वतःची ओळख पटविण्यात त्याची सबंध सकाळ गेली. हा हिशेब कोणत्या परिशिष्टात मांडावा?

सही करणारा आमच्याकडे रात्री आला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, “सर, खोटे लिहावे असे माझ्या मनात नव्हते. मी पाहिले नाही, एवढेच.”

“अरे, ‘साक्षी’ शब्दाची फोड परीक्षेत विचारली असती, तर तू पैकीच्या पैकी गुण मिळविले असतेस,” एवढेच आमच्या तोंडून निघाले. ते बोलल्याचे आम्हांस मागाहून वाईट वाटले. ती फोड आम्हीच त्याच्याकडून पाठ करून घेतली होती. पाहावयास मात्र शिकविले नव्हते.

त्या दिवसापासून ‘उरकणे’ या क्रियापदाची आम्हांस भीती वाटते. आपल्या घरांत हा शब्द नवा नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत सोवळ्याचे, शिळ्या-ताज्याचे, पाण्याचे शेकडो नियम घरोघर पाळले जात आणि त्यांसाठी सरकारी निरीक्षक येत नसे. आजी एवढी एकच निरीक्षक पुरत असे. म्हणजे नियम पाळणे आपल्या स्वभावात नाही, हे म्हणणे खरे नव्हे. परंतु त्याच घरांत संध्या ‘करणारे’ होते तसे संध्या ‘उरकणारे’ही होते. पळी-पंचपात्र हलत असे आणि चित्त बाजारात असे. नियमाचे बाह्य रूप तेवढे राहावे आणि प्राण निघून जावा, ही व्याधी देवघरात शिरली तर स्वतःचेच पुण्य बुडते. ती कारखान्यात शिरली म्हणजे दुसऱ्याचा हात जातो.

हे नियम सरकारने विनाकारण मागे लावलेली कटकट आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी थोडा इतिहास पाहावा. आपल्या देशात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. मुंबईचे सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्यासाठी खटपट केली होती. त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांस गिरणीत ठेवण्यास बंदी केली आणि धोक्याच्या यंत्रांस कुंपण घालण्यास सांगितले. सात वर्षांखालील, असे कायद्यात लिहावे लागले, यावरून त्यापूर्वी काय चालत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. पुढे १८८४ साली ‘दीनबंधु’कार नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठविला. रविवारची सुटी त्यांच्यामुळे मिळाली, हे आज थोडेबहुत लोकांस ठाऊक असते. परंतु त्याच मागण्यांत, काम करताना जबर दुखापत झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि जन्माचा पंगू झालेल्याच्या पोटाची सोय व्हावी, हेही होते, याची आठवण आपल्यासारख्या सुशिक्षितांनी ठेवावयास हवी. त्या ५५०० सह्यांपैकी कित्येक अंगठे असतील. पण त्यामागे जे होते ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. त्या खऱ्या साक्षी होत्या.

१९४८ सालचा फॅक्टरी अ‍ॅक्ट हा याच परंपरेतला मोठा कायदा. फिरत्या यंत्रास गार्ड असावा, चालू यंत्रापाशी जाणाऱ्याचे कपडे अंगासरशी असावे, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची वाट मोकळी असावी, अशी कलमे त्यात होती. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आणि त्यापाशी उभ्या असलेल्या बाईचा पदर ज्याने पाहिला आहे, त्यास ही कलमे समजून सांगावी लागत नाहीत. बाहेरच्या वाटेचे कलम तर जगाने फार मोठी किंमत देऊन शिकले. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्क शहरात ट्रँगल नावाच्या कपड्यांच्या कारखान्यास आग लागली. जिन्याकडे जाणारे एक दार कुलूप लावून बंद ठेवलेले होते. १४६ जीव गेले. त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या.

यंत्रे असणे आणि ती चालू असणे यांतले अंतर आपल्या देशाला भोपाळने दाखविले. २ आणि ३ डिसेंबर १९८४ यांमधील रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा तो अडविण्याची साधने त्या कारखान्यात नव्हती असे नाही. टाकीतले रसायन थंड ठेवणारे शीतयंत्र होते. ते कित्येक महिने बंद होते. सुटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा होता. त्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. त्या दुर्घटनेनंतर १९८७ साली फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये धोकादायक कारखान्यांचे नवे प्रकरण घालण्यात आले. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने घेतली आहे. ५०० कामगारांच्या कारखान्यात, आणि धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी २५० कामगार असले तरी, सुरक्षा अधिकारी नेमावा. कामगारांची वर्षाला मोफत आरोग्य तपासणी व्हावी. नियमभंगामुळे कोणी दगावल्यास दोन वर्षांपर्यंत कैद अथवा किमान ५ लाख रुपये दंड अथवा दोन्ही, आणि त्या दंडाचा निदान अर्धा भाग मृताच्या वारसांस देण्याचा आदेश न्यायालयास देता यावा, अशी व्यवस्था तीत आहे. सर्वांत मोलाची गोष्ट ही, की जिवास धोका आहे असे रास्त कारणाने वाटले तर मालकास आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकासही कळविण्याचा हक्क कामगारास आहे.

कायद्याची अक्षरे अशी चांगली आहेत. पण आमच्याच जिल्ह्यात, इगतपुरी तालुक्यातल्या मुंढेगावच्या जिंदाल पॉलीफिल्म्सच्या कारखान्यात १ जानेवारी २०२३ रोजी भीषण आग लागली. त्यात स्त्री-कामगारांचेही बळी गेले आणि अनेक जण भाजले. त्याच कारखान्यात मे २०२५ मध्ये पुन्हा आग भडकली. ती दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली आणि आसपासच्या गावकऱ्यांस घरे सोडावी लागली. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये स्फोट झाले. दोन्ही वेळा माणसे मेली आणि दूरदूरच्या घरांच्या काचा फुटल्या. या मासिकाचे कित्येक वाचक डोंबिवलीकर आहेत. त्यांना अधिक काय सांगावे? या घटनांत दोष कोणाचा हे ठरविणे चौकशी करणाऱ्यांचे काम आहे, आमचे नव्हे. एकाच ठिकाणी तीच गोष्ट दुसऱ्यांदा घडते, तेव्हा पहिल्या वेळेपासून आपण सर्वच काय शिकलो, हा प्रश्न मात्र प्रत्येकास पडला पाहिजे.

सुरक्षिततेची ही दृष्टी परकी आहे, असे कोणी समजू नये. पूर्वी धान्य आणि हळद जमिनीखालच्या पेवांत साठवीत. सांगलीजवळचे हरिपूर हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. पेव उघडल्याबरोबर आत उतरावयाचे नाही, वारा खेळू द्यावयाचा, मग कंदील सोडून पाहावयाचा, आणि ज्योत मालवली तर कोणी पाऊल टाकावयाचे नाही, हे निरक्षर हमालासही ठाऊक असे. आज कारखान्यांतल्या टाक्यांत आणि गटारांच्या विहिरींत माणसे गुदमरून मरतात, आणि पहिल्यास वाचविण्यास धावलेला दुसराही तसाच मरतो. आता कंदील सोडणे योग्य नाही, कारण आत पेट घेणारा वायू असला तर ज्योतच घात करील. त्यासाठी वायू मोजण्याचे यंत्र मिळते. साधन बदलले, पण ‘आधी पाहा, मग उतर’ हा पेवाचा नियम बदललेला नाही.

दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन होतो. शपथा होतात, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात. परीक्षक म्हणून आम्हीही एक-दोनदा गेलो आहोत. अनेक कारखान्यांच्या दाराशी ‘अपघातविरहित दिवस’ असा फलक असतो आणि त्यावर आकडा वाढत जातो. हेतू चांगला आहे. परंतु तो आकडा मोडू नये म्हणून हाताला चिंधी बांधून गप्प बसणारा कामगार आणि त्यास गप्प बसविणारा सुपरवायझर निर्माण झाला, तर तो फलकही उरकलेली सहीच ठरतो. ज्या ठिकाणी थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही नोंद होते, आणि ती करणाऱ्यास शाबासकी मिळते, त्या ठिकाणचा मोठा अपघात टळण्याचा संभव अधिक.

आता आपल्या घरांविषयी. या मासिकाच्या वाचकांची मुले-मुली प्रेसवर क्वचितच उभी राहतात. ती परवानगीच्या परमिटावर, तपासणीच्या तक्त्यावर, बॉयलरच्या नोंदवहीत सही करणारी आहेत. त्यांच्या पगाराचा, बढतीचा, परदेशगमनाचा विषय जेवताना निघतो. मग एखाद्या दिवशी हेही विचारावे: “आज तू जिथे सही केलीस, तिथे स्वतः जाऊन पाहिलेस का? बाहेर जाण्याच्या दारापुढे खोकी रचलेली नाहीत ना? एखादा गार्ड काढून ठेवलेला दिसला तर यंत्र थांबविण्याचे धैर्य तुला होते का?” आईने विचारलेला प्रश्न निरीक्षकाच्या प्रश्नाहून अधिक काळ कानात राहतो, असा आमचा अनुभव आहे. ज्यांची स्वतःची लहान वर्कशॉपे आहेत, त्यांना तर अधिकच सांगणे आहे. नव्या संहितेत शक्तीवर चालणारा कारखाना साधारणपणे २० कामगारांपासून मानला जातो. आठ-दहा माणसांच्या शेडकडे निरीक्षकाची पावले क्वचितच वळणार. तिथे मालकाचे डोळे हाच कायदा.

आपल्या पूर्वजांनी ‘योगक्षेम’ असा एक जोडशब्द करून ठेवला आहे. जे नाही ते मिळविणे हा योग, आणि जे आहे ते राखणे हे क्षेम. कारखाना काढणे, नग वाढविणे, देशाची संपत्ती वाढविणे हा योग झाला, आणि तो हवाच. सकाळी घरून निघालेला माणूस दोन हात, दोन डोळे घेऊन संध्याकाळी घरी परतावा, हे क्षेम. शब्द जोडून ठेवला तो उगाच नव्हे. एकाच्या लोभाने दुसरे सोडता येत नाही.

असो. ते दोघेही अधूनमधून आमच्याकडे येतात. बोटे गमावलेला आता त्याच कारखान्याच्या भांडारात आहे. डाव्या हाताने लिहितो. अक्षर पूर्वीचे नाही, तरी वळण ओळखू येते. दुसरा आता निराळ्या कारखान्यात आहे. रोज पाळी सुरू होण्यापूर्वी तो प्रत्येक यंत्रापाशी जातो, दोन्ही बटणे स्वतः दाबून पाहतो, आणि मग सही करतो. सारी फेरी किती वेळाची, असे आम्ही त्यास विचारले.

“बारा मिनिटे, सर,” तो म्हणाला.